रुक्मिणीची गूळतुला

हलायचं यंत्रानं आणि बारीक व्हायचं आपण! असला आळशी व्यायाम मी जन्मात ऐकला नव्हता. मी सोलापुरात मुलींच्या शाळेत पीटी शिकवते. पोरींना पळवते, दोरीच्या उड्या मारायला लावते, चांगला घाम काढते. आणि माझीच भाची रुक्मिणी त्या एकनाथरावाच्या नादी लागली.

नव्या पेठेत, कापडाच्या दुकानावरच्या खोलीत त्याने मुंबईहून आणलेलं ते यंत्र मांडलं होतं. पाटाएवढी लोखंडी फळी आणि समोर धरायला दांडी. बटण दाबलं की फळी थरथरते, वरचा माणूस थरथरतो आणि म्हणे चरबी झडते. चरबी म्हणजे काय चिंचा आहेत, फांदी हलवली की पडायला?

"आमच्या शेजारची काशम्मा बघ," मी तिला म्हटलं. "दिवसभर यंत्रमागाजवळ उभी असते. तिथली जमीन तुझ्या फळीपेक्षा जास्त हादरते. झाली का ती बारीक?"

"आत्या, तुला नाही कळायचं," रुक्मिणी म्हणाली. "तुला काय कुणी तराजूत बसवणार आहे?"

ते मात्र खरं होतं. ती लहानपणी मरता मरता वाचली, तेव्हा वेणीमाधवदादा, म्हणजे माझा भाऊ, मैंदर्गीकडच्या एका मारुतीला नवस बोलला होता. लग्न ठरलं की पोरीची गुळाची तुला करीन. आता लग्न ठरलं होतं आणि तुलेला सासरची माणसं येणार होती. पोर अंगाने चांगली भरलेली. ढेपेवर ढेप चढत जाणार आणि होणारी सासू ते बघत बसणार, या लाजेनं तिची झोप उडाली होती. मला तिची फार दया यायची. पण म्हणून त्या भामट्याच्या दारात जायचं?

पुढच्याच आठवड्यात ती स्टेशनवरच्या वजनाच्या काट्याचं तिकीट नाचवत आली. वजन बरंच उतरलं होतं. मी तिथल्या तिथे टेप काढून कंबर मोजली. पहिल्याइतकीच. पोलकंही तेच, तितकंच घट्ट.

"काटा बिघडलाय," मी म्हटलं. "तुझ्या डोक्यासारखाच."

मग एकदा दादा तिला सायकलवर मागे बसवून माझ्याकडे घेऊन आला. उतरल्यावर कपाळ पुसत म्हणाला, "वाटेत तीनदा थांबून मागं बघितलं. वाटलं, पोर पडली की काय."

मला हसू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी तडक नव्या पेठेत गेले. त्या माणसाची खरडपट्टी काढायची, हे ठरवूनच. जिना चढले. वीज गेली होती, पंखा थांबलेला होता. रुक्मिणी फळीवर डोळे मिटून उभी होती. तिचे गाल थरथरत होते, बांगड्या किणकिणत होत्या.

"बंद करा ते!" मी ओरडले.

"बंदच आहे, बाई," एकनाथराव भिंतीला टेकून म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता. "मघापासून बंद आहे. त्यांना खाली उतरा म्हणतोय, तर ऐकत नाहीत."

मी वाकून फळीला हात लावला. फळी गार आणि स्थिर होती.

मी रुक्मिणीला दंडाला धरून घरी आणलं. दादाला म्हटलं, तुलेचा दिवस पुढे ढकल. तो म्हणाला, सासरच्यांना काय सांगू? पोरगी हलकी झाली म्हणून?

मैंदर्गीला एसटीने गेलो. देवळाच्या तुळईला मोठा तराजू टांगला होता, बाजूला गुळाच्या ढेपा रचल्या होत्या. पारडी धरायला कोंडीबा नावाचा म्हातारा होता. रुक्मिणी शालू नेसून, पाटल्या घालून, मांडी घालून पारड्यात बसली. कोंडीबा वर दांडीकडे बघत होता.

"बसू द्या की पोरीला," तो म्हणाला.

"बसलीय," तिची आई, अनसूयावहिनी, म्हणाली.

कोंडीबाने मान खाली केली. रुक्मिणीकडे पाहिलं. मग रिकाम्या पारड्याकडे पाहिलं. दांडी आडवी होती, जराही कललेली नव्हती.

त्याने दोर हलवला. पारडी मोकळी झुलली आणि पुन्हा एका रेषेत येऊन थांबली.

त्याने एक ढेप रिकाम्या पारड्यात ठेवली. ते पारडं दाणकन् फरशीवर आदळलं. रुक्मिणी वर गेली. वहिनी किंचाळली. कोंडीबाने घाईघाईने ढेप काढली.

रुक्मिणी मात्र सासूकडे बघून हसत होती. इतकी खूश मी तिला कधी पाहिली नव्हती.

"आत्या, बघितलंस?"



तुलेत बसलेल्याचं तोंड गोड करायची तिथली रीत. काही सुचेना म्हणून पुजाऱ्याने तीच पुरी केली. गुळाचा एक खडा तिच्या जिभेवर ठेवला.

तिचं पारडं बोटभर खाली आलं.

कोंडीबाने तेवढाच खडा फोडला आणि दुसऱ्या पारड्यात टाकला.

दांडी पुन्हा आडवी झाली.