काळ्या मातीचा ओलावा

सकाळचे ऊन आधी ओढ्यापलीकडच्या बाभळींच्या शेंड्यांवर टेकले. मग जराही घाई न करता, वाळूतल्या शेळ्यांच्या खुरांचे ठसे एकेक भरीत, विजेच्या डीपीभोवतालच्या लोखंडी जाळीपाशी आले. त्यात सोनेरी असे काही नव्हते. पातळ ताकाच्या रंगाचे, दुष्काळातले नेहमीचेच ऊन. लातूर वेगळा जिल्हा झाला तरी जाळीच्या पाटीवर अजून ‘जि. उस्मानाबाद’ होते. ऊन त्या अक्षरांपर्यंत चढले, तेव्हा खड्ड्याशी वाकलेल्या शेषेरावाने मान वर केली.

डोक्यावर घागर घेतलेली एक मुलगी थांबून पाहत होती.

“काय पुरताय?”

“पुरत नाही… अर्थिंग आहे. गळकी वीज इथून जमिनीत उतरते. माती वाळली की तिला वाट मिळत नाही — मग जाळीला हात लावणाऱ्याला झटका बसतो.” मुखेडहून बदलून आलेला हा वायरमन एका दमात इतके कधी बोलला नव्हता. “थोडं पाणी… मिळेल?”

तिने घागर कलती केली. पाणी मुरलेच नाही; धुळीने माखलेले थेंब वाळूवरून मण्यांसारखे घरंगळले.

“आगं बया, घेईना की!”

“फार सुकलेली वाळू एकदम घेत नाही. आधी शिंपडायचं… जरा थांबायचं… मग ओतायचं.”

“मुखेडची माणसंबी अशीच असत्यात का?”

त्याचे कान तापले. तिचे नाव पंचफुला.

ती रोज येऊ लागली. वाळू पाणी धरीत नव्हती, घेतलेले तळाशी सोडून देत होती; म्हणून त्याने शेतातली काळी माती आणून मीठ-कोळशासह खड्ड्यात भरली. अर्थिंग मोजायच्या मीटरचा काटा हवा तिथे येऊन स्थिरावला. तरी तो म्हणाला, “उद्याही लागेल.” ऊन वाढते आहे, खबरदारी बरी — अशी त्याने स्वतःची समजूत घातली.

“रोज काट्याकडंच बघता. कवातरी वर बी बघा की!”

त्याने पाहिले. तिच्या कानाच्या पाळीवर घागरीतला एक थेंब थरथरत होता…

“काटा… ठीक आहे,” तो म्हणाला.

एके दिवशी तिला उशीर झाला. कोपर खरचटले होते.

“हिरीत उतरून वाटीवाटीनं भरली. मायला घोटभर ठिवलं, बाकी तुमच्या खड्ड्याला.” घागर उतरवून ती खाली बसली आणि तिने सहज मातीत बोट खुपसले. बोट काळे, ओले होऊन वर आले. “हे तर कालचंच हाय अजून!”

तो मीटरच्या तारा गुंडाळू लागला.

“मग रोज कशाला आणाया लावलं?” तिच्या स्वरात राग नव्हता, हसू ओठांच्या कडेला येऊन थांबले होते. “खरं सांगा. म्या रागावणार न्हाई.”

‘तू दिसावीस म्हणून…’ असे त्याला म्हणायचे होते.

“नियम आहे,” तो म्हणाला.

ते हसू विझले. तिने भरलेली घागर उचलून पुन्हा डोक्यावर घेतली.

“मग नियमालाच उतरवा हिरीत, वायरमनसाहेब.”

दुसऱ्या दिवसापासून ती डीपी टाळून पांदीच्या वाटेने जाऊ लागली. शेषेराव मात्र रोज सकाळी येई, काटा पाही, ऊन पाटीवर चढेपर्यंत थांबे. आठवड्याने त्याने पहिल्यांदा तिच्यासारखे मातीत बोट घातले.

माती ओली होती. काळी माती भरली त्या दिवसापासूनच त्या खड्ड्याला रोजचे पाणी लागत नव्हते.