गोदाबायचा पाय

सत्त्याऐंशी सालच्या उन्हाळ्यात नामा नाखव्याच्या कमरेची गादी सरकली. माजिवड्याच्या एका कंपनीत तो फिटर होता. मोटर उचलताना कमरेत कट्कन झालं आणि कळ थेट टाचेत उतरली. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन. ऑपरेशन झालेल्या माणसाला कंपनी फिटरच्या कामावर परत घेत नसे. नामाला दुसरं काही येतही नव्हतं, त्यामुळे दुखण्यापेक्षा या धास्तीनेच त्याची झोप उडाली.

बायको लक्ष्मी त्याला आधी कळव्याच्या खाडीकाठी त्याच्या चुलतबहिणीकडे, गोदाबायकडे घेऊन गेली. ती पायाळू, म्हणजे जन्मताना पायांनी आलेली. पायाळू माणसाची लाथ बसली की उसण जाते, हे कोळीवाड्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक. तिच्या उजव्या पायाला चारच बोटं होती. करंगळी खाडीत कालवं काढताना गेली, पण पायाचा गुण काही कमी झाला नव्हता. रीत एवढीच होती, की पाय लावून घेतला की लगेच वाकून तिच्या पाया पडायचं.

गोदाबायने त्याला उंबऱ्यात पालथा घातला आणि कमरेवर पाय दिला. नामाला काडीचा फरक पडला नाही. तो भिंत धरून कसाबसा उठला.

"पाया पर," ती म्हणाली.

"वाकता आलं असतं तर आलेलो कशाला?"

अंगणातली माणसं हसली. गोदाबाय हसली नाही.

"मंग पाय तुझ्याच पाठीवर ऱ्हायला," ती म्हणाली आणि आत गेली.

पुढे कुणीतरी टेंभी नाक्यावरच्या डॉक्टर चित्रा गुप्त्यांचं नाव सांगितलं. त्या कोलंबोला जाऊन चिनी उपचार शिकून आल्या होत्या. नामाला वाटलं, लाथ खाऊन झाली, आता चीन तरी का सोडा? उपचार अगदी साधा होता. नागदवण्याच्या वाळक्या पाल्याची, सिगारसारखी जाड वळी पेटवायची आणि तिचा निखारा कमरेपासून बोटभर अंतरावर धरायचा. कातडीला टेकवायचा नाही. पडद्यामागे पालथं पडून उशीत तोंड खुपसायचं आणि तो कडवट धूर हुंगत राहायचं.

धग हाडापर्यंत मुरली. मग त्या धगीत काहीतरी जड येऊन टेकलं.

"डॉक्टर, हात जरा हलका ठेवा."

"हात? मी तुम्हाला शिवलेसुद्धा नाही."

त्या वजनाखाली नामाची कळ विरघळत होती. पुढच्या खेपेलाही तेच झालं. त्याने डोकं उशीत आणखी खुपसलं. बरं वाटत असताना खुसपट कोण काढणार?

एका सकाळी पाठीला तेल लावता लावता लक्ष्मीचा हात थांबला.

"अवो, तुमच्या कमरंवर पाऊल उठलंय."

"शेकाची लाली असेल."

"चारच बोटं हायत."

नामाने तिला उडवून लावलं. पण जेवताना त्याचं जेवणात लक्ष नव्हतं. दुपारी तो एकटाच खाडीकाठी गेला. त्याची चाल आता सरळ झाली होती.

गोदाबाय ओट्यावर बसली होती. उजवा पाय ओल्या फडक्यात गुंडाळलेला होता. तिने फडकं सोडलं. तळवा लाल झाला होता आणि त्यावर फोड आले होते. नामाच्या नाकात तोच कडवट धूर शिरला. तिच्या घरात चूलसुद्धा पेटलेली नव्हती.

"तू तिकरं शेकून घेतोस," ती म्हणाली, "आन मना हिकरं झोप नाय."

नामाला लाज वाटली, आणि भीती त्याहून जास्त वाटली. तो वाकला. कमरेतून पुरता, जमिनीपर्यंत वाकला, आणि तिच्या पायावर डोकं ठेवलं.

गोदाबायने पाय मागे ओढून घेतला. ती उठली, ओट्यावरच दोन पावलं चालून पाहिली.

"सुटले मी," ती म्हणाली. "आता पायाचं तुझं तू बघ."

दुसऱ्या दिवशी तो शेवटचा शेक घ्यायला गेला. पाठीवर नुसती धग लागली. वजन आलं नाही. डॉक्टरांनी त्याला वाकायला लावलं, वळायला लावलं. सोमवारपासून कामावर जा, म्हणाल्या. नामाच्या डोळ्यांत पाणी आलं.

बाकावर बसून तो बुटाची नाडी बांधत होता. पडद्यामागे नवीन पेशंट आली होती, माजिवड्याची भाजीवाली रखमाबाई. काडी ओढल्याचा आवाज आला आणि धूर पसरला.

नामाचा उजवा तळवा तापू लागला.

त्याने बूट काढला, मोजा काढला. पाय गार फरशीवर दाबून धरला.

धग वाढतच गेली.

"डॉक्टरीणबाय," पडद्यामागून रखमाबाईचा आवाज आला, "पाय कुनाचा ठेवलाय माझ्या पाठीवर?"

"पाय? कुणाचाच नाही."

 रखमाबाईने समाधानाने सुस्कारा सोडला.

"असू दे. बरं वाटतंय. त्याला म्हनावं, काढू नको."