दर गुरुवारची तपासणी

दाराची कडी खणखणली आणि सगळे दचकले. जळगावच्या स्थळाचं पत्र नुकतंच वाचून झालं होतं.

मुलगी पसंत आहे, फक्त डाव्या गालाचा खळगा भरून घ्यावा, हल्ली इंजेक्शनं निघाली आहेत – असं मुलाच्या वडिलांनी लिहिलं होतं. लहानपणी गळू फुटलं, त्या जागी कुंदाच्या गालावर हरभऱ्याएवढा खड्डा राहिला होता. लग्न अडलं होतं ते तेवढ्यावर.

दारात चौकातल्या दवाखान्याचा कंपाउंडर उभा होता, अभिमन. काखेत बर्फाचा डबा, कपाळावर घाम.

"अक्का, आमच्याकडची लाईट गेली. हे तासभर तुमच्या फ्रीजमध्ये राहू द्या ना…"

"काय शे रे त्यामा?" कुंदाच्या आईने, कमलबाईंनी विचारलं.

"गालाचे खळगे भरायचं इंजेक्शन. मुंबईचे डॉक्टर महिन्यातून एकदा येतात ना, त्यांचं."

कमलबाईंनी हात जोडले. देवच दारात आला म्हणायचा! डबा लोण्याच्या भांड्याशेजारी बसला.

"कशाचं असतं हो ते?" कुंदाने विचारलं.

अभिमनला खोटं बोलता येत नसे. "गाईच्या कातड्यापासून करतात."

"ओ माय वं! मनं बठ्ठं लोणी बाटनं!" कमलबाईंनी सगळं लोणी झटकन फ्रीजबाहेर काढलं.

"चपला चालतात ना गं तुला कातड्याच्या?" कुंदाचे वडील झुलालनाना हळूच म्हणाले.

"चपला पायमा. गालमा नही!"

"दुसरा प्रकारही आहे," अभिमन घाईने म्हणाला. "आपल्याच पोटाची चरबी काढून गालात भरायची."

कमलबाईंनी लेकीला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तिना पोटवर चरबी शे कोठे?"

कुंदाला हसू आवरेना. अभिमन तिच्याकडे बघत राहिला, डबा विसरून.

शेवटी नानांनी तोड काढली. आधी चाचणी तर होऊ दे, प्रकार मग ठरवू. डॉक्टरांनी त्याच संध्याकाळी कुंदाच्या हातावर त्या गाईच्या इंजेक्शनाचा एक थेंब टोचला. अंगाला सोसतं का, ते महिन्याने कळणार होतं.

पण अभिमन गुरुवारीच हजर झाला. पुढच्याही गुरुवारी… त्याच्याही पुढच्या.

"नियमच आहे," तो गंभीरपणे सांगे. "खाज?"

"नाही."

"लाली?"

"तुम्हीच बघा की."

तो बघे. बराच वेळ.

"अहो कंपाउंडर, चाचणी हातावर आहे. चेहऱ्यावर नाही."

"हो… हो ना." आणि पावडरीचा वास मागे ठेवून तो घरी जायची नरडाण्याची गाडी गाठायला पळे. बुधवार संपता संपत नाही, हे कुंदाला हळूहळू उमगू लागलं.

महिना भरला. पाच वर्षांच्या भाचीला, सोनीला, घेऊन कुंदा दवाखान्यात गेली. डॉक्टरांनी हात पाहिला. "छान, काही त्रास नाही. मग, कुठलं घ्यायचं ठरलं?"

"यांनी दर गुरुवारी तपासलंय, त्यांनाच विचारा."

"दर गुरुवारी?" डॉक्टरांनी चष्म्यावरून पाहिलं. "मी तर म्हटलं होतं, काही वाटलं तरच या, नाहीतर महिन्याने. अभिमन?"

अभिमनचे कान लालबुंद झाले. डॉक्टर हसत पलीकडच्या पेशंटकडे गेले.

"गाईचं की चरबीचं?" कुंदाने हळूच विचारलं. "सांगा ना."

"कंपाउंडर म्हणून सांगू?"

"नको."

त्याने खिडकीकडे पाहिलं. खिडकीबाहेर रिक्षा भुर्रकन गेली. "मग… जळगावला नका जाऊ. मी नानांशी बोलतो. खळगा भरा, नका भरू… तुमच्या मनासाठी वाटलं तर भरा. त्यांच्या पत्रासाठी नको."

कुंदाने बाही खाली केली नाही. हात तसाच पुढे ठेवला. "आज पत्राला उत्तर टाकते. नाही म्हणून." मग गालात हसत, "आणि नानांकडे गुरुवारी येऊ नका. आजच या."

अभिमनने तो हात दोन्ही हातांत धरला, आणि तिथेच विसरला.

सोनी खुर्चीवर गुडघे टेकून वाकली. तिने हात नीट निरखला. खाज नाही, लाली नाही.

"आत्या, डॉक्टरकाका छान म्हणाले ना? मग हे अजून काय शोधतायत?"