भेगेवरची बांगडी

आंबवड्याहून भोरला जाताना ओढ्यावर एक जुना दगडी पूल होता. कुंडलिकाची लेक रतन शेतावर भाकरी घेऊन निघाली होती. पुलावर आली, तर कठड्याखालून आवाज आला, "अहो, जरा ती काचपट्टी देता का?"

रतन वाकली. कमानीला शिडी लावून एक तरुण उभा होता, केसांत चुना, डोळ्यांत हसू. मार्गासनीचे आनंदराव, संस्थानचे नवे ओव्हरसियर.

तिनं काच उचलली... आणि ती ओल्या हातातून निसटली. खळ्ळ!

"अगं बाई! आता वो?"

"शेवटची होती," आनंदराव म्हणाले. "ही भेग बघा. तिच्यावर आडवी काच चुन्यात बसवायची. भेग केसभर जरी वाढली, तरी काच तडकते. डोळ्यांना कळत नाही ते काचेला आधी कळतं."

रतननं हातातली हिरवी बांगडी काढली. "ही चालंल?"

"चालेल. तुकडा करतो—"

"बांगडी अशी फोडत्यात व्हय? आख्खी बसवा!"

बसवली. "आता हिच्यावर लक्ष कोण ठेवणार?"

"बांगडी माजी. लक्ष बी माजंच."

"आणि माझ्यावर?"

"तुमाला तडा गेल्यावर बगू," म्हणत रतन पळाली.

मग दर बाजारच्या दिवशी आनंदराव पूल बघायला येऊ लागले. पूल लगेच बघून व्हायचा. गप्पा मात्र...

गौरी यायच्या सकाळी ओढा दुथडी भरला होता. रतननं काठावरून पाहिलं. बांगडीचे दोन तुकडे!

तेवढ्यात कोंडिबाची बैलगाडी आली. भोरला माहेरी निघालेल्या बायकांनी भरलेली. रतन हात पसरून गाडीला आडवी गेली.

"गाडी न्हाई जायाची! बांगडी तडकलीया."

"आमच्या घरात रोज तडकत्यात," कोंडिबा म्हणाला. "म्हून काय घरात बसायचं?"

"त्यांनी सांगितलंय..."

"अगं बया, 'त्यांनी'!" बायका खिदळल्या.

रतनचे कान तापले. पूल उभा राहिला, तर जन्मभर हेच ऐकायचं, आणि हसू आनंदरावांचंही व्हायचं. तरी तिनं बैलाची वेसण धरली. "हसा. पर उतरून हसा!"

बायका हसतच उतरल्या. तेवढ्यात कमानीतला एक दगड पाण्यात पडला. मग दुसरा. आणि धडाड्कन सगळी कमानच खाली बसली.

कुणी हसेना. म्हाताऱ्या फुलाबाईनं रतनवरून हात ओवाळून कडाकडा बोटं मोडली.

पलीकडच्या काठावर आनंदराव धापा टाकत पोचले. "सगळे सुखरूप?"

"व्हय! बांगडीनं सांगितलं येळेवर!"

"ती परत द्यायची राहिली... एकच देऊ, की—"

"पाण्याचा आवाज हाय! मोठ्यानं बोला!"

त्यांनी तोंडाशी हात धरले. "चुडा भरायला येऊ का?"

सगळ्या बायकांनी ऐकलं. रतननं पदर सावरला. "आदी पूल बांदा! वऱ्हाड काय पोहत आननार?"

पुढच्या वैशाखात नव्या पुलाशी नवरीची गाडी आली. कोंडिबानं कासरा ओढून बैल थांबवले आणि मागं वळून अदबीनं विचारलं, "रतनबाई, जाऊ द्यावी का?"

रतननं कमान नीट न्याहाळली. मग शेजारी बसलेल्या आनंदरावांकडं पाहिलं. हातातला हिरवा चुडा किणकिणला.

"जाऊ द्या, दादा. बांदनाऱ्याला म्या वळखते."