‘एस’च्या आधी की नंतर?

नेहमीचं दुकान बंद होतं, म्हणून तो त्या कोपऱ्यावरच्या बेकरीत शिरला. पाटी वाचली नाही. लोण्याचा, भाजलेल्या पिठाचा ऊबदार वास आला आणि पाय आपोआप वळले. आत गेल्यावर मात्र काउंटरवर रचून ठेवलेली निळ्या पट्ट्यांची खोकी दिसली, आणि तो जागीच थबकला.

हीच ती बेकरी!

त्याच्या पुढे उभी असलेली बाई ऑर्डर देत होती. “आणि हो, केकवर उगाच ती टिंबं लटकवू नका हं! ती तुमची फेमस पोरगी नाही ना लिहायला?”

“छे हो,” गल्ल्यावरची मालकीण, त्या पोरीचीच मामी, ओशाळून म्हणाली. “तिला आता ट्रे घासायला बसवलंय.”

नेमका तेव्हाच आतला पडदा सरकला. कोपरापर्यंत ओले हात, गालाला पीठ, आणि हातात ट्रेची उतरंड घेऊन एक मुलगी दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. तिने ट्रे ठेवले, आणि खाली मान घालून आत गेली.

त्याला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. कारण त्या पोरीला ‘फेमस’ करणारा दुसरा-तिसरा कुणी नव्हता. तोच होता.

तो एका इंग्रजी वर्तमानपत्रात मुद्रितशोधक होता. चुका शोधणं हे त्याचं पोट भरायचं काम, आणि खरं सांगायचं तर मिरवायचंही. गेल्या आठवड्यात ऑफिसात एका वरिष्ठांचा निरोप समारंभ झाला. केक आला, त्यावर गुलाबी क्रीममध्ये सुंदर वळणदार अक्षरात लिहिलं होतं: Best Wishe’s. त्याने चटकन फोटो काढला, ‘अ‍ॅपॉस्ट्रॉफी फुकट वाटत होते वाटतं!’ अशी ओळ जोडली आणि दिला नेटवर सोडून. लोक पोट धरधरून हसले. संध्याकाळपर्यंत फोटो कुठल्या कुठे पोचला. खोक्यावरचं बेकरीचं नाव फोटोत आलंय, हे त्याच्या लक्षात आलं होतं... पण त्यात काय एवढं, असं तेव्हा वाटलं होतं.

ब्रेड घेऊन तो निघाला, तेवढ्यात मागून हाक आली. “अहो... जरा थांबता?”

तीच होती. तिची नजर त्याच्या गळ्यातल्या ऑफिसच्या ओळखपत्रावर होती.

“तुम्ही पेपरात आहात ना? इंग्रजी पेपरात?” तिने मागे वळून मामीचं लक्ष नाही ना, ते बघितलं आणि आवाज खाली आणला. “मला एक सांगाल? ते वरचं लटकतं टिंब... ते नक्की कधी द्यायचं असतं?”

त्याने उलट विचारलं, “तुम्ही... तुम्ही कधी देता?”

“शेवटी एस दिसला की देत होते.” ती कानापर्यंत लाल झाली. “पाट्यांवर बघितलं होतं तसं. आणि छान दिसतं हो ते. एखादा मोती ओवल्यासारखं.”

तिथेच सांगून टाकायला हवं होतं. त्याने नाही सांगितलं. “दुपारी गर्दी नसते ना? उद्या येतो,” असं म्हणून तो बाहेर पडला. घरी जाऊन आधी तो फोटो पुसला. पण बाण केव्हाच सुटला होता; दुसऱ्यांच्या फोनमधून लोक अजून हसतच होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो आला. मग रोजच यायला लागला. काउंटरच्या टोकाला केकखालचा कागद पसरायचा, ती क्रीमचा कोन घेऊन लिहायची आणि तो समोर स्टुलावर.

“नुसते पुष्कळ असतील तर टिंब नाही,” तो म्हणाला. “Cakes म्हणजे केक, अनेक. त्यांच्या मालकीचं काही नाही, म्हणून टिंबही नाही. मालकी आली की टिंब आलं. आपला चा-ची-चे.”

“म्हणजे मामाचा केक... इथे टिंब.”

“बरोबर. एसच्या आधी.”

“आणि मामा लोकांचा? मला चार मामा आहेत.”

“मग आधी सगळे मामा गोळा करा, एस लावून टाका, आणि टिंब एसच्या नंतर.”

ती कोन हातात धरून थबकली. मग एकदम हसली. “अहो, हे तर आपल्यासारखंच झालं! मित्राचा आणि मित्रांचा. डोक्यावर एक टिंब पडलं की एकाचे अनेक. यांचं टिंब सरकतं, आपलं डोक्यावर बसतं. एवढंच ना?”

इतकी वर्षं चुका काढण्यात गेली, पण हे कधी त्याच्या मनात आलं नव्हतं. तो तिच्याकडे बघतच राहिला.

“काय झालं? चुकलं?”

“नाही... एकदम बरोबर.”

“मग असं काय बघताय?”

“गालाला क्रीम लागलंय,” तो घाईघाईने म्हणाला.

“ते तर रोजच असतं.” तिने गाल पुसला नाही. “आज दिसलं होय?”

मामीने गल्ल्यावरून खाकरून दाखवलं. तो उगाचच कागदावर वाकला.

पुढे एकदा जुळ्या बहिणींच्या वाढदिवसाची ऑर्डर आली. आता केकवर लिहिणारा माणूस सुट्टीवर होता. मामी कुरकुरत का होईना, कोन भाचीच्या हातात देऊन मोकळी झाली. तिने श्वास रोखून लिहिलं, Our Sisters’ Day, आणि टिंब अलगद एसच्या पलीकडे ठेवलं. पाव कापता कापता मामा बघायला आला आणि तिच्या डोक्यावर पिठाळलेला हात ठेवून गेला.

दुपारी तिने त्याच्यापुढे पेस्ट्रीची बशी ठेवली. “गुरुदक्षिणा! तुम्ही नसतात तर मी अजून ट्रेच घासत बसले असते.”

त्याने बशी हातात घेतली, एक घास खाल्ला.

“तो फोटो टाकणारा एकदा भेटायला हवा होता,” ती सहज म्हणाली.

“भेटला तर... काय कराल?”

“मारणार थोडीच आहे? विचारीन, मजा आली का म्हणून.”

त्याने बशी खाली ठेवली. तिच्याकडे बघायची हिंमत नव्हती, म्हणून तो बशीशीच बोलला. “आली होती. फोटो मी टाकला होता.”

तिने ओढणीला हात पुसले, पुन्हा पुसले.

“पहिल्या दिवशी आलात... तेव्हा माहीत होतं?”

“आत आल्यावर कळलं.”

“आणि एवढे दिवस माझ्यासमोर बसून...” तिने बशी बाजूला सारली. “एक खरं सांगा. मी ओळखीची झाले नसते, तर तुम्हाला वाईट वाटलं असतं?”

‘हो’ म्हणणं किती सोपं होतं! पण या मुलीशी आणखी एक खोटं त्याच्याने बोलवेना.

“नाही,” तो म्हणाला. “मी हसतच राहिलो असतो.”

“जा तुम्ही.”

तो गेला. मग किती तरी दिवस त्याने त्या रस्त्याचं नाव काढलं नाही. ऑफिसात चूक सापडली की पूर्वी तो शेजाऱ्याला दाखवून हसायचा. आता गुपचूप दुरुस्त करायचा. आरशात स्वतःचं तोंड बघायचीसुद्धा लाज वाटायची. तिला सांगून झालं होतं खरं, पण ज्या मामा-मामींच्या दुकानाचं नाव त्याने चव्हाट्यावर आणलं, त्यांच्यासमोर तो अजून साळसूदच होता. हे काही त्याला गप्प बसू देईना.

शेवटी एका सुट्टीच्या सकाळी, दुकान गिऱ्हाइकांनी भरलेलं असताना, तो गल्ल्यासमोर जाऊन उभा राहिला.

“मामी, तुमच्या केकचा फोटो मी टाकला होता. चूक माझी आहे. माफी मागायला आलोय.”

मामीच्या हातातली चिल्लर हातातच राहिली. “तू? आणि रोज इथे बसून साखर पेरत होतास? बरं तोंड वर करून आलास रे!”

आतून मामा आला. “आमची पोर आठवडाभर गिऱ्हाइकांसमोर यायला घाबरत होती,” एवढंच तो म्हणाला. ओरडला असता तर बरं झालं असतं.

पडदा सरकला. ती बाहेर आली. तिने एक साधा पांढरा केक त्याच्यापुढे सरकवला आणि कोन त्याच्या हातात दिला.

“लिहा.”

“मी? मला... येत नाही.”

“मग कळेल. लिहा जे काही लिहायचंय ते. सगळ्यांसमोर.”

त्याने कोन दाबला. पहिला थेंब भलतीकडेच पडला. अक्षरं एकमेकांच्या अंगावर कोसळायला लागली. गिऱ्हाइकं गालातल्या गालात हसली, मग मोठ्याने. “अहो, मुंग्या चालल्यात की काय!” कुणीतरी म्हणालं. त्याचे कान तापले, पण तो थांबला नाही.

रांगेतल्या एका मुलीने हसत हसत फोन वर केला. त्याने ते पाहिलं. तोंड फिरवलं नाही. काढू दे.

पण तिचा पिठाळ हात मध्ये आला. “नको गं ताई,” ती त्या मुलीला म्हणाली. “फोटो नको काढूस. शिकतोय तो.”

फोन खाली गेला. त्याच्या डोळ्यांत मात्र टचकन पाणी आलं. जे त्याला त्या दिवशी सुचलं नव्हतं, ते हिला क्षणात सुचलं होतं.

ती केकवर वाकली. वेडावाकडा, पण एकच शब्द होता: Yours.

“मालकी आहे ना ही?” ती हळूच म्हणाली. “मग टिंब कुठेय?”

“याला लागत नाही.”

“का? नियम तर...”

“आपण ‘तूचा’ म्हणतो का?” त्याने पहिल्यांदाच तिच्या डोळ्यांत पाहिलं. “‘तुझा’ म्हणतो. तो शब्दच तसा आहे... आत काही जोडायला लागत नाही.”

ती नुसती लाल होत गेली.

“अगं, तो केक हलव तिथून!” मामी गल्ल्यावरून कडाडली. “गिऱ्हाइकं खोळंबलीत. कुणाचा म्हणायचा तो?”

तिने केक दोन्ही हातांनी आपल्याकडे ओढून घेतला.

“राहू दे, मामी,” ती म्हणाली. “माझा आहे तो.”