तिसऱ्या नळीतली पट्टी

सकाळी ती कामावर निघाली तेव्हा बाबा म्हणाले, “तुझ्या गिनीपिगांपेक्षा मी काय वाईट? मलाही टांग की एखाद्या हुकाला.”

एवढं बोलायलाही त्यांना मध्ये थांबावं लागलं. दम्याने पार पिळून काढलं होतं त्यांना. श्वासनळ्या सैल करणारं औषध आता लागूच पडेना, तेव्हा डॉक्टरांनी हात टेकून घरी पाठवलं होतं.

“पुरे हं बाबा!” ती हसली, कारण आई बघत होती.

प्रयोगशाळेत तिचं काम तेच. गिनीपिगच्या फुफ्फुसाची बोटभर पट्टी कोमट क्षारपाण्याच्या नळीत हुकाला टांगायची आणि दोऱ्याने वरच्या सुईला जोडायची. पट्टी आवळली की सुई वर, सैलावली की खाली. औषधाला ओळखणारे रिसेप्टर पेशींवर असतात. औषधाचा फार मारा झाला की ते कमी होतात, स्टेरॉइड दिलं की काही तासांनी पुन्हा वाढतात. किती वाढतात, हे ती शोधत होती. कुणासाठी, ते सगळ्यांना ठाऊक होतं.

त्या दिवशी तिसऱ्या नळीवरची सुई आपली आपणच वरखाली होऊ लागली. आता, कापून काढलेल्या फुफ्फुसाला श्वास कुठला? तो देवाने छातीत ठेवलाय, मांसाच्या तुकड्यात नाही. तिने नळीत हवेचे बुडबुडे सोडणारा पंप बंद केला. टेबल हलतंय का पाहिलं. सुई चालूच. वर जाताना अडखळायची, मग रेंगाळत खाली यायची.

ते अडखळणं तिच्या ओळखीचं होतं.

तिने घरी फोन लावला. “आई, फोन बाबांच्या तोंडाशी धर.”

“अगं, आत्ता कुठे डोळा लागलाय—”

“धर ना!”

फोनमध्ये घरघर चढली, सुई चढली. घरघर उतरली, सुई उतरली. तिने नळीत सैल करणाऱ्या औषधाचा थेंब सोडला. सुई अलगद खाली आली आणि घरघर विरली.

“देव पावला गं!” आई रडायला लागली. “किती शांत झोपलेत बघ!”

दुपारी पुन्हा थेंब द्यावा लागला. तो अर्धाच लागू पडला. त्यापुढचा तर नाहीच. तिने पाण्यात स्टेरॉइड घातलं. पण त्याला काही तास लागणार, आणि पट्टी संध्याकाळपलीकडे टिकत नसते.

तेवढ्यात घरून बोलावणं आलं.

“तिसरी नळी चालू राहू दे,” ती सहकाऱ्याला म्हणाली. “पाणी तेवढं बदलत राहा.”

“तू जा गं. इथली काळजी सोड.”

बाबांचं डोकं तिच्या मांडीवर होतं. आई देवाचं नाव घेत त्यांचे तळवे चोळत होती. एकाएकी त्यांची छाती आवळली. आवळतच गेली. ओठ निळे पडले.

छाती पुन्हा हलली नाही.

फोन वाजला.

“रागावू नकोस,” सहकारी म्हणाला. “पट्टी मरायलाच टेकली होती, म्हणून शेवटचा डोस देऊन टाकला.” ती तिथली रीतच होती. प्रयोग संपवताना कडक आवळणारं औषध घालून पट्टी जिवंत होती याची खात्री करायची, नाहीतर दिवसभराची मेहनत फुकट. “काय आवळली म्हणून सांगू! मग टाकून दिली.”

तिने बाबांच्या छातीवर तळहात ठेवला.

“पण गंमत बघ. हूक रिकामा आहे, तरी सुई हलतेय. भराभर. धाप लागल्यासारखी.”

तिने तोंडावर हात दाबून श्वास रोखला.

“हां,” तो म्हणाला, “आत्ता थांबली.”