सगळ्यांची तोंडं एकीकडे

मी औषध मारत नाही, मोजतो. कंपनीत मला मोजणीमास्तर म्हणतात. कुठे झुरळं झाली की फवारणीवाल्यांच्या आधी मी जातो. सिंकखाली, फ्रिजमागे, कपाटांच्या आतल्या बाजूंना पुठ्ठ्याचे चिकट सापळे लावतो आणि प्रत्येकावर नंबर अन् दिशा लिहितो. आठवड्याने येऊन कुठे किती अडकली ते इमारतीच्या नकाशावर भरतो. जिथे आकडा मोठा, तिथे जवळपास त्यांचं बिऱ्हाड. एकवीस वर्षं हेच करतोय.

ती इमारत तीन मजली होती, बारा घरांची. पहिल्या आठवड्याचे छत्तीस सापळे मी खाली जिन्यात बसून उघडले. आकडे नेहमीसारखेच होते. चार, सात, दोन. पाचव्या सापळ्याशी मात्र हात थांबला. आतल्या सहाही झुरळांची तोंडं एकाच बाजूला होती.

झुरळ डिंकात अडकलं की धडपडतं, गरगर फिरतं. शेवटी कोणाचं तोंड कुठे होईल याला काही धरबंध नसतो. मी आधीचे चार पुन्हा उघडले. तिथेही तेच. शाळेच्या प्रार्थनेला उभी केल्यासारखी, मिशा पुढे करून, अगदी शिस्तीत.

योगायोग म्हणून सोडून द्यायला हवं होतं. पण माझा स्वभावही माझ्या सापळ्यांसारखाच, चिकट. प्रत्येक सापळ्याच्या जागी नकाशावर बाण काढला आणि पट्टीने रेघा लांबवल्या. तिसऱ्या मजल्यावर कपाटाला लावलेल्या सापळ्यांत तोंडं खाली वळली होती, पहिल्या मजल्यावर वर. सगळ्या रेघा दुसऱ्या मजल्यावर एका घरात येऊन मिळत होत्या.

तिथे एक शिवणकाम करणाऱ्या बाई एकट्या राहायच्या. दार उघडंच होतं. मशीन चालू होतं. मी नकाशा बघत बघत ती जागा शोधली. मशीन आणि पलंग यांच्यामध्ये मोकळी फरशी. ना चीर, ना ओल, ना खाण्याचा कण.

"ताई, इथे काही सांडलं होतं का?"

मशीन थांबलं. त्यांचं खाजगी पत्र मी वाचलं असावं तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"तुम्हाला कसं कळलं?"

"काय?"

"ती जागा." त्यांनी आवाज खाली आणला. "बहीण गेली तेव्हापासून नऊ वर्षं माझ्या डोळ्याला डोळा लागला नव्हता, भाऊ. महिन्यापूर्वी पडलेली सुई शोधायला तिथे बसले, ती संध्याकाळीच उठले. आता रोज दुपारी तासभर तिथे पडते. कोणाला सांगू नका हं. हसतील."

मी टॉर्च घेऊन फरशीच्या सांध्यांवर वाकलो. फरशी कोमट होती, आत्ताच कोणी उठून गेलेल्या अंथरुणासारखी. लांब कुठेतरी पाणी हलत असल्याचं वाटलं. त्या आवाजात माझं नाव नव्हतं, तरी तो मलाच ओळखत होता.

पुढे आठवतं ते एवढंच, की ऊन जमिनीवरून भिंतीवर चढलं होतं. माझ्या डोक्याखाली उशी होती. मघाशी मशीनवर होता त्या फ्रॉकला आता दोन्ही बाह्या लागल्या होत्या.

"झोप लागली ना?" त्या हळूच म्हणाल्या.

मी ओशाळलो. नवे सापळे लावले आणि निघालो. रस्ताभर ताप उतरल्यासारखं हलकं वाटत होतं.

पुढच्या आठवड्यात त्या जिन्यातच माझी वाट बघत होत्या. डोळे खोल गेलेले.

"ती जागा हलली, भाऊ. घरभर लोळून पाहिलं, पलंगाखालीसुद्धा शिरले. तुमच्या कागदावर बघा ना, कुठे गेली ती."

त्यांच्याच टेबलावर सापळे उघडून मी बाण काढले. शेजारच्या खोलीत निघू दे, असं मनात म्हणत होतो. रेघा त्यांच्या खिडकीतून आरपार गेल्या आणि बाहेर मिळाल्या. हवेत, अंगणाच्या दोन मजले वर.

"आकडे जुळत नाहीत, ताई," मी कागदाची घडी घालत म्हणालो. "अजून एक आठवडा लागेल."

पण त्यांचा जन्म कापडावर रेघा मारण्यात गेला होता. त्यांनी कागद माझ्या हातातून अलगद काढून घेतला, उलगडला आणि गळ्यातली टेप त्यावर ठेवली.

"इंचाला किती फूट?"

ते कोपऱ्यात लिहिलेलंच होतं.

"म्हणजे खिडकीपासून हातभरच की," त्या म्हणाल्या, आणि हसल्या.

मी खिडकी लावली. कडी तारेने पीळ देऊन बांधली. उंदरांच्या पावलांचा माग काढायला आम्ही पांढरी भुकटी वापरतो, ती खिडकीच्या कट्ट्यावर पसरली. उंदरांसाठी आहे, असं सांगितलं. लहान मुलाचा हट्ट पुरवावा तशी त्यांनी मान हलवली. खाली रखवालदाराला बजावलं, सकाळ-संध्याकाळ बाईंना हाक मारत जा.

तरी जीव थाऱ्यावर नव्हता. तिसऱ्या दिवशी सकाळी हातातलं काम टाकून तिथे गेलो.

"बाई मजेत आहेत," रखवालदार म्हणाला. "गाणं म्हणतात आजकाल."

वर गेलो. खिडकी बंद होती. तारेचा पीळ मी दिला होता तसाच होता.

कट्ट्यावरच्या भुकटीत अनवाणी पावलं होती. दोन बाहेर जाणारी.

शेजारी दोन आत येणारी. ती जास्त खोल उमटली होती, काही वजन उचलून आणल्यासारखी.

"आता शोधू नका, भाऊ." बाई मशीनवर होत्या. चेहरा टवटवीत, दहा वर्षांनी लहान झालेला. "आणली मी."

"कुठे आहे?"

"बसा तर खरं. चहा टाकते."

मी टेबलाखालचा सापळा काढला. त्यात एकच झुरळ होतं, नुकतंच अडकलेलं, जिवंत. तोंड बाईंकडे.

बाई उठल्या, माझ्यासमोरून स्वयंपाकघरात गेल्या.

झुरळ त्यांच्यामागे वळू लागलं. सावकाश. डिंकात एक पाय तुटला, मग दुसरा. ते वळतच राहिलं.

आत नळ सुरू झाला. भांडं वाजलं.

"साखर किती घालू?"

उत्तर द्यायला तिकडे मान वळवावी म्हटलं, तर ती आधीच वळलेली होती. सापळा माझ्या हातात नव्हता. तो पायाशी पडला होता, आणि कधी पडला ते मला कळलं नव्हतं.